रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, तरी गोळी का घ्यायची?

एचआयव्हीच्या गोळ्या वर्ष-दोन वर्षे नियमित घेतल्या, वजन वाढले, ताप-जुलाब थांबले आणि व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असे आले की घरात प्रश्न निघतो : आता गोळी कशाला? कुणी सांगते, ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, आजार गेला.’ काही जण तिथेच गोळ्या सोडतात. म्हणून रक्तात न दिसणारा हा विषाणू कुठे राहतो आणि आपले शरीर त्याला का संपवू शकत नाही, हे या वेळी आपण समजून घेऊ.

शरीर लढते, पण अर्धवट

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. त्यांतल्या सीडी-४ पेशी बाकीच्यांना कामाला लावतात. सीडी-८ पेशी विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला मारतात. एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषाणू झपाट्याने वाढतो. मग सीडी-८ पेशी त्याला बरेच खाली दाबतात. त्यामुळे उपचार नसतानाही माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसू शकतो.

पण हा विषाणू हुकूम देणाऱ्या सीडी-४ पेशींवरच हल्ला करतो. शिवाय तो सतत रूप बदलतो. शरीर एक रूप ओळखायला शिकते, तोवर दुसरे तयार झालेले असते. हळूहळू सीडी-४ पेशी घटतात आणि टीबीसारखे आजार शिरकाव करतात.

गोळ्यांशिवायही विषाणूला वर्षानुवर्षे दाबून ठेवणारे लोक जगात आहेत, पण त्यांचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. त्यांच्या सीडी-८ पेशी विषाणूचा असा भाग पकडतात, जो बदलणे विषाणूलाच महागात पडते. हे बहुतांशी जन्मजात गुणांवर अवलंबून असते. काढा, पथ्य किंवा व्यायामाने ते मिळवता येत नाही.

विषाणू लपतो कुठे?

सीडी-४ पेशीत शिरल्यावर हा विषाणू आपला मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये, म्हणजे तिच्या मूळ आराखड्यातच जोडून टाकतो. अशा बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात. काही मात्र विसावतात. पूर्वी झालेला रोग लक्षात ठेवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे शांत पडून असतात. लसीचा परिणाम दीर्घकाळ टिकतो तो अशाच पेशींमुळे. एचआयव्ही नेमका त्यांच्यात झोपून राहतो.

झोपलेला विषाणू नवे विषाणू बनवत नाही, त्यामुळे पेशीवर बाहेरून काही खूण दिसत नाही आणि सीडी-८ पेशी तिला ओळखत नाहीत. गोळ्याही फक्त वाढणाऱ्या विषाणूला अडवतात, झोपलेल्याला त्यांचा उपद्रव नाही. हराळी वरून कापली तरी मुळी जमिनीत राहते, तसेच हे आहे.

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की चांगले उपचार चालू असलेल्यांच्या शरीरातही असा साठा उरतो. दहा लाख विसावलेल्या सीडी-४ पेशींत वाढू शकणारा विषाणू असलेली साधारण एखादीच पेशी सापडते. पण हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशोबाने केवळ गोळ्यांवर तो संपायला ७० वर्षांहून अधिक काळ जाईल.

गोळी सोडली तर काय होते?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांच्या आत औषध सुरू झाले. सुमारे दीड वर्षाचे असताना ते बंद पडले. त्यानंतर २७ महिने विषाणू दिसला नाही. सगळ्यांना वाटले, बाळ बरे झाले. २०१४ मध्ये विषाणू परतला. मोठ्या माणसांत तर गोळी सोडल्यावर तो बहुधा काही आठवड्यांतच परत येतो.

सीडी-४ चांगल्या असताना औषध थांबवून पाहणारा ५,४७२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. औषध थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू अधिक आढळले, म्हणून २००६ च्या सुरुवातीला तो प्रयोग थांबवावा लागला. अनियमितपणे घेतल्याने आणखी एक धोका असतो. विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग गोळ्या बदलाव्या लागतात.

बर्लिनमध्ये उपचार घेतलेले टिमोथी रे ब्राऊन एचआयव्हीमुक्त झाले, हे खरे आहे. पण त्यांना रक्ताचा कर्करोग होता. त्यासाठी त्यांच्यावर जिवावर बेतू शकणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले आणि दात्याच्या पेशींत एचआयव्हीला आत शिरू न देणारा दुर्मिळ जन्मजात गुण होता. सर्वांना देता येईल असा तो उपाय नाही. ‘एचआयव्ही मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

रिपोर्टचा खरा अर्थ

‘विषाणू आढळला नाही’ म्हणजे गोळी आपले काम चोख करते आहे. ही मोठी गोष्ट आहे. पुण्यासह नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांचा विषाणू गोळ्यांनी पक्का दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. रोजची गोळी घराचेही रक्षण करते.

सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात. गोळी ठरलेल्या वेळी घ्या. एखादी चुकली तर आठवताच घ्या, पण दोन एकदम घेऊ नका. गावी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर ठेवा. त्रास झाला तर मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. टोल-फ्री १०९७ वर माहिती मिळते.

आणि शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट. एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी, शाळा, दवाखाना आणि भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. लोकांच्या नजरेला भिऊन गोळी लपवणारा माणूस गोळी चुकवतो. आपल्या वस्तीत कुणाला ती लपवावी लागू नये, एवढे तर आपण करू शकतो.