धडधड कळते, पण भरवसा वाटतो का?

छातीत धडधडलं की एकाला वाटतं, जिना भरभर चढलो म्हणून असेल. दुसऱ्याला वाटतं, आता अटॅकच येणार. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिक अटॅकची उकल यातूनच केली. साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि माणूस त्या चक्रात अडकतो.

हृदय, श्वास, पोट यांच्याकडून येणाऱ्या या आतल्या खबरींची जाणीव म्हणजे अंतःसंवेदन. ते मोजायचं कसं? रायनर शांड्री यांनी 1981 मध्ये सोपी युक्ती मांडली: नाडीला हात न लावता ठोके मोजा, मग ईसीजीशी ताडून पाहा. पण आपले ठोके साधारण किती पडतात हे माहीत असलेला माणूस अंदाजानेही बरे गुण मिळवतो. त्यामुळे या चाचणीवर बरीच टीका झाली.

दुसरा मार्ग सरळ विचारण्याचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वुल्फ मेहलिंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 32 विधानांची ‘माइआ’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. 2018 च्या आवृत्तीत विधानं 37 झाली. प्रत्येक विधानाला 0 ते 5 गुण. माइआचं खरं मोल वेगवेगळे पैलू मोजणाऱ्या आठ उपमापनांत आहे. जुन्या प्रश्नावल्या बहुधा संवेदना किती जाणवतात एवढंच विचारत, त्यामुळे सारखी नाडी चाचपणारा धास्तावलेला माणूस आणि शांतपणे श्वास पाहणारा साधक त्यांना सारखेच दिसत. माइआ विचारते: जाणवल्यावर काळजी लागते का? आपल्या शरीरावर भरवसा वाटतो का? चिंतेशी उलटं नातं दिसतं ते या काळजी न करण्याचं आणि भरवशाचं. नुसत्या जाणवण्याला त्या मानाने फार महत्त्व नाही.

अर्थात हे सगळं माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं. वर्षानुवर्षं ध्यान करणारा ‘मला श्वास नीट कळतो’ म्हणणारच! सारा गारफिंकेल यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की स्वतःबद्दलचा असा समज आणि ठोके ओळखण्यातली अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. गारफिंकेल यांचा सहभाग असलेल्या गटाने पुढे 121 स्वमग्न प्रौढांवर चाचणी घेतली. ठोके ओळखण्याचा सराव केलेल्यांची चिंता तुलनेच्या गटापेक्षा अधिक उतरली. हा एका प्रयोगाचा निष्कर्ष आहे, पण दिशा आशादायक वाटते.

माइआ हे संशोधनाचं साधन आहे, निदानाचं नव्हे. तेव्हा गुण कमी पडले म्हणून घाबरू नका. आणि छातीत खरोखर कळ आली, तर प्रश्नावली उघडत बसू नका, दवाखाना गाठा.