डोंगरातली झाडे आणि गाडीचा हिशेब

बालाघाटच्या रांगेतील धारूर परिसरात सीताफळ खडकाळ उतारावर आपसूक उगवते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. रानातल्या झाडांच्या जोडीला लागवडीच्या बागा आल्या, की छाटणी आलीच. घरांवर झुकलेले कडुनिंब आणि चिंचा आहेतच. अशा वृक्षनिगेच्या कामाकडे एखाद्या व्यापारी घरातील तरुण वळला, तर भांडवलाचा मोठा वाटा गाडीत जातो आणि शोरूममध्ये त्याची नजर फोर व्हील ड्राइव्हवरच खिळते.

ही गाडी खरोखर किती दिवस लागेल, हे आधी पाहावे. सीताफळाची छाटणी झाड विश्रांतीत असताना, उन्हाळ्यात होते. तेव्हा जमीन कोरडी असते आणि साधा पिकअप बांधापर्यंत पोहोचतो. ऊसतोडीला गेलेले मजूर आणि ट्रॅक्टरही त्या सुमारास परतू लागतात, म्हणजे भाड्याचा पर्याय हाताशी असतो. चारही चाकांची ओढ लागते ती पावसाळ्यात, काळ्या चिखलात, वादळाने मोडलेली झाडे उचलताना. ते दिवस वर्षभर वहीत मोजून मगच जास्तीची किंमत मोजावी. बँकेचा हप्ता हंगाम पाहून येत नाही.

दिवस पुरेसे भरत असतील, तर महिंद्रा बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा यांच्या फोर व्हील आवृत्त्या या कामाच्या जवळच्या आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस दणकट खरी. पण कॅम्परच्या दुपटीहून अधिक किमतीची गाडी फांद्या वाहण्यासाठी घेणे हा हौसेचा व्यवहार होय. निवडताना 'लो' गिअर अवश्य पाहावा. उतारावर इंजिनाच्या जोरावर वेग आवरता येतो, तो त्याच्यामुळेच. नुसती चार चाकांची ओढ ब्रेकला मदत करत नाही. कोरड्या डांबरावर ही ओढ जोडून ठेवल्यास टायर आणि यंत्रणा दोन्ही झिजतात, म्हणून धारूर घाटाच्या अरुंद वळणांवर कोरड्या दिवसांत ती बंदच ठेवावी.

भाराचा अंदाज हमखास चुकतो. पानांच्या फांद्यांनी हौदा भरतो, पण वजन थोडे असते; ओल्या बुंध्यांचे चार ओंडके मात्र हौदा अर्धा रिकामा असतानाच मर्यादा ओलांडतात.

कागदांकडे व्यापारी घराने विशेष लक्ष द्यावे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीवरील जीएसटीची वजावट करपात्र धंद्याला मिळते. प्रवासी मोटारीवर ती सहसा मिळत नाही. स्वतःच्या कामाच्या गाडीवर घसारा 15 टक्के धरतात, भाड्याने चालविलेल्या मालवाहू गाडीवर 30 टक्के. खरेदीच्या वर्षी वापर 180 दिवसांहून कमी झाला, तर दोन्ही निम्मे होतात.

शेवटची बाब सर्वांत जड आहे. कामावर निघताना चार माणसे हौद्यात बसविण्याची पद्धत गावोगाव दिसते. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेला मजूर घाटात दगावला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाईचा आदेश थेट मालकावर येतो. माणसे न्यायचीच असतील, तर डबल केबिनची गाडी घ्यावी आणि नोंदणी पुस्तकात जितक्या आसनांची नोंद आहे तितकीच माणसे बसवावीत. हौदा थोडा लहान मिळतो, एखादी खेप वाढते, डिझेल थोडे जास्त जाते.