काच एकाची, खोकं दुसऱ्याचं

कॅननच्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याला लेन्स कुणाची होती, सांगा बरं? निकॉनची! १९३६ च्या 'हान्सा कॅनन'वर निक्कोर ५० मिमी लेन्स असे, कारण कॅननवाल्यांची स्वतःची लेन्स तेव्हा तयारच नव्हती. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या लग्नात निकॉनवाला आणि कॅननवाला एकमेकांना खुन्नस देत उभे दिसले की मला ही जुनी सोयरीक हमखास आठवते.

एकाची भारी लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर चढवणं हे काही आजचं खूळ नव्हे. सिकंदराबादेत स्टुडिओ थाटणारे, सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (त्यांना आधी हात दिला तो इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी, हे आपण मराठी माणसांनी जरा मिरवायला हवं) यांच्या काळात तर तीच रीत होती. लाकडी खोकं आणि भाता एका कारागिराचा, लेन्स दुसऱ्याच कंपनीची. मधे एक फळी. तिला भोक पाडायचं, लेन्स बसवायची, की झालं. आजचा ॲडॅप्टर हा त्या फळीचाच पणतू.

कोल्हापूरकरांची तऱ्हा त्याहून न्यारी. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून अख्खा सिनेकॅमेराच घरी बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० साली पडद्यावर आलेला.

मग आज घोडं अडतं कुठे? मिलिमीटरात. लेन्स जिथे बसते ती कडा आणि आतला सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं ठरवलंय. निकॉन एफ ४६.५ मिमी, कॅनन ईएफ ४४, लायका एम २७.८, सोनी ई १८, निकॉन झेड १६. लेन्सचं अंतर लांब आणि बॉडीचं आखूड असेल तर पत्रिका जुळली; उरलेली जागा ॲडॅप्टरच्या कड्यानं भरायची. निकॉनची जुनी एफ लेन्स सोनीवर हवी? २८.५ मिमीचं कडं घ्या. उलट कॅननची ईएफ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर चढवायला गेलात तर आधीच अडीच मिमीचा तोटा, कड्याला जागाच नाही. जबरदस्तीनं बसवलीत तर हातातला उस्मानिया बिस्किटाचा दाणा न् दाणा स्पष्ट आणि दूरचा चारमिनार धुक्यात. मिररलेस बॉडीतून आरसा गेला, आतलं अंतर घटलं आणि जगभरच्या जुन्या लेन्सना घर मिळालं. सोनीची लेन्स निकॉन झेडवर बसवणारं कडं तर जेमतेम २ मिमीत मावतं आणि वर ऑटोफोकसही चालवतं. ते बनवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

या जुगाडानं इतिहासही घडवलाय. १९५० साली 'लाइफ'चा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यानं आपल्या जर्मन लायकावर जपानी निक्कोर लेन्स लावल्या आणि त्याच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. तिथले फोटो पाहून पाश्चात्त्यांचे डोळे उघडले. जपानी काच म्हणजे स्वस्तातला माल, ही समजूत तिथून ढासळत गेली.

आणि स्टॅन्ली क्युब्रिक! नासासाठी झाइसनं एफ ०.७ ची ५० मिमी लेन्स बनवली होती, एकूण नग दहा. त्यातले तीन या पठ्ठ्यानं मिळवले आणि 'बॅरी लिंडन'मधले प्रसंग मेणबत्तीच्या उजेडात चित्रित केले. लेन्सचं बूड फिल्मच्या इतकं जवळ यायचं, की मिचेल कॅमेरा आतून कोरावा लागला. पुढे तो दुसऱ्या कुठल्याच लेन्सच्या उपयोगाचा राहिला नाही. याला म्हणतात घरजावई.

आता तुमच्या कामाचं. परकी मॅन्युअल लेन्स लावली आणि शटर पडत नसेल तर रडत दुकानात धावू नका. कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेन्यूत जाऊन 'लेन्सशिवाय शटर' चालू करा. कॅनन ईएफ लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे विजेची जोडणी नसलेल्या साध्या कड्यावर ते सताड उघडं राहतं. त्यावर उतारा असा: कॅननच्याच बॉडीवर हवं ते ॲपर्चर लावा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. ॲपर्चर तिथेच अडकून राहतं.

जुन्या लेन्सच्या शोधात निघालात तर नारायणगुड्याहून मेट्रोचं पुढचंच स्टेशन सुलतान बाजार, तिथून कोटी पायी. जाताना आपली बॉडी आणि ॲडॅप्टर सोबत न्या, दूरच्या पाटीवर फोकस लागतो का ते दुकानाच्या दारात उभं राहूनच तपासा. सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ दिसली आणि काच पिवळी पडलेली असली तर बिनधास्त घासाघीस करा. काचेतल्या थोरियममुळे ती पिवळी पडते आणि काही दिवस कडक उन्हात ठेवली की निवळते. मे महिन्यात गच्चीवर वाळवण घालालच. लेन्सलाही शेजारी जागा द्या, फक्त खाली कागद ठेवू नका, पेटेल.