सांबरा की उजळाईवाडी?

बेळगावहून कोल्हापूरला विमानाने किती वेळ लागेल? या दोन विमानतळांमध्ये थेट विमानसेवा नाही, तरी मी हे गणित एकदा मांडलं. सॉफ्टवेअरवाल्याची खोड, दुसरं काय! अक्षांश-रेखांश घेऊन हॅवरसाइन सूत्रात टाकले, तर सांबरा ते उजळाईवाडी सरळ रेषेत साधारण ९६ किलोमीटर. एटीआरसारखं छोटं विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने उडतं. म्हणजे जेमतेम बारा मिनिटं! पण चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत जाणं-येणं धरलं तर अर्धा तास सहज. शिवाय तासभर आधी पोचायचं. तेवढ्यात आपली गाडी हायवेने कोल्हापूरच्या जवळ आलेली असते.

दोन्ही विमानतळ स्वातंत्र्याच्या आधीचे. उजळाईवाडीचा १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. सांबऱ्याचा १९४२ चा, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला. आपली निपाणी या दोघांच्या मधे, आणि खरा प्रश्न इथेच येतो: बाहेरगावी राहणाऱ्या निपाणीकराने उतरायचं कुठे?

मी बेंगळुरूला असतो. एकदा रात्री आईचा फोन आला, आप्पांना दवाखान्यात ठेवलंय, सकाळी ऑपरेशन आहे. मी मोबाईल उघडला. सकाळी दोन्हीकडे विमानं होती, जवळपास एकाच वेळी सुटणारी. बेळगावचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांनी कमी दिसत होता. घाईत तेच तिकीट काढलं.

सांबऱ्याला वेळेवर उतरलो. पुढे बेळगाव शहर ओलांडलं, मग संकेश्वर, मग तवंदी घाट. घाटात ट्रकच्या मागे अडकलो आणि घड्याळ बघत बसलो. निपाणीत पोचलो तेव्हा आप्पांना आत नेऊन अर्धा तास झाला होता. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

“कुठं उतरलास?”

“सांबऱ्याला.”

“आरं, उजळाईवाडीला उतरायचं न्हाई का?”

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी पूर्ण हिशेब केला. बेंगळुरूहून सांबरा हवेतून साधारण ४४५ किलोमीटर, उजळाईवाडी ५३०. फरक ८५ किलोमीटरचा, म्हणजे हवेत दहा मिनिटांचा. पण उजळाईवाडीहून निपाणी रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर आणि सांबऱ्याहून जवळपास दुप्पट. हवेत वाचवलेली दहा मिनिटं मी जमिनीवर चौपट करून फेडली होती.

तेव्हा मंडळी, तिकीट काढताना विमानाचा वेळ बघू नका, दारापासून दारापर्यंतचा बघा. निपाणी, कागलच्या बाजूला जायचं असेल तर आधी कोल्हापूर तपासा. बेळगाव, खानापूरकडे असेल तर सांबरा. संकेश्वरकरांनी दोन्ही पाहावेत. वेळापत्रकं बदलत असतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. आणि उजळाईवाडीला टॅक्सी ठरवताना “निपाणीपर्यंत येणार का?” हे आधीच विचारा, कारण मधे राज्याची सीमा आहे.

आप्पा आता ठणठणीत आहेत. मी येतो म्हटलं की तब्येतीचं नंतर, आधी विमानतळाचं नाव विचारतात.