पाइनटॉप पर्किन्स: नव्वदीपार पोचलेला ब्लूज पियानो

ब्लूज म्हटलं की सगळे गिटारकडे पाहतात. आज पियानोवाल्याबद्दल लिहितो, कारण पाइनटॉप पर्किन्स मला फार आवडतात.

जन्म 1913, मिसिसिपीतलं बेल्झोनी. सुरुवात गिटारवर झाली. पण 1940 च्या दशकात एका भांडणात डाव्या हाताच्या कंडरा (टेंडन) कापल्या गेल्या, गिटार सुटली आणि ते पियानोवरच स्थिरावले. आर्कान्सातल्या हेलेना इथल्या 'किंग बिस्किट टाइम' या रेडिओ कार्यक्रमात ते वाजवायचे. पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या आइक टर्नरला लहानपणी पियानो त्यांनीच शिकवला.

1969 मध्ये पियानोवादक ओटिस स्पॅन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या बँडमधून बाहेर पडला. ती जागा भरणं सोपं नव्हतं. पर्किन्स बसले आणि दशकभर या बँडबरोबर जगभर फिरले. मडीची ओळ संपली की त्या मोकळ्या जागेत उजव्या हाताची झरझर उतरणारी सुरावट, खाली डाव्या हाताची बूगी चाल. गायकावर कुरघोडी मात्र कधीच नाही. साथ कशी करावी हे ऐकायचं तर मडीची सत्तरच्या दशकातली लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकाच.

1980 मध्ये बँडमधल्या साथीदारांसह बाहेर पडून त्यांनी 'लेजंडरी ब्लूज बँड' काढला. स्वतःच्या नावाचे बहुतेक अल्बम पंचाहत्तरीनंतरचे! 2011 मध्ये, 97 व्या वर्षी, ड्रमर विली स्मिथबरोबरच्या 'जॉइन्ड ॲट द हिप'ला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्टिनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांना ऐकायचं असेल तर 'आफ्टर अवर्स' (1988) या अल्बमपासून सुरुवात करा.