फोन म्हातारा झालेला नसतो

कळंबच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली, की आडत दुकानातील फोनला उसंत नसते. लातूर-बार्शीचे भाव विचारायचे, शेतकऱ्याला वजनाचा हिशेब कळवायचा, हमाली आणि गाडीभाडे यूपीआयवरून चुकते करायचे, सायंकाळी बँकेतील शिल्लक पाहायची. पूर्वी खतावणी, टेलिफोन आणि तिजोरी मिळून जे करीत, ते आता खिशातील एकाच यंत्रावर होते. अशा ऐन घाईत पडद्यावर बावीस टक्के दिसत असताना फोन एकाएकी काळा पडतो. चार्जरला लावावा, तर वीस टक्के दाखवत तोच पुन्हा जागा होतो. दोन-चार दिवस असे झाले, की घरात निकाल लागतो : फोन म्हातारा झाला, आता नवा घ्या.

हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. पाच वर्षांच्या त्या फोनचा पडदा शाबूत असतो, कॅमेरा चालतो, आवाज स्वच्छ येतो. झिजलेले असते ते आतील एक पातळ, चंदेरी पाकीट. ते बदलायला हजार ते अडीच हजार रुपयांच्या घरात खर्च येतो आणि काम तासा-दीड तासाचे असते. ते कोणाकडून, कशाने आणि कधी बदलून घ्यावे, हे ठाऊक नसल्यामुळे मात्र एक तर विनाकारण नवा फोन येतो, किंवा स्वस्तातला सेल बसवून जुन्या दुखण्यात नव्या धोक्याची भर पडते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. बँकेचे ॲप त्या फोनशी आणि त्यातील सिमशी जोडलेले असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे लागते. कळंबपासून आत, शिराढोण किंवा येरमाळ्याकडच्या शिवारात उन्हातान्हात चालत गेलेल्या माणसाचा फोन नेमका छायाचित्र घेताना बंद पडला, तर ती खेप वाया जाते. आणि घरातील आजीच्या फोनमध्ये तर आजोबांनी शेवटच्या आजारपणात धाडलेले आवाजी संदेश असतात. त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते.

फोन नेमका छायाचित्राच्या वेळीच का बंद पडतो? कळंब मांजरेच्या काठचे गाव असल्याने येथील वाचकाला त्याचे उत्तर धरणावरून सहज उमजेल. धरणात वर्षानुवर्षे गाळ साचत जातो. पाणी सांडव्याला लागले, की धरण भरले असेच दिसते. परंतु आत पूर्वीइतके पाणी नसते. जुन्या बॅटरीचे शंभर टक्के तसे असतात. फोनमधील सेलला लिथियम-आयन सेल म्हणतात. चार्ज होताना लिथियमचे कण एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जातात, वापरताना परत येतात. या ये-जा करण्यात ग्राफाइटच्या बाजूवर एक सूक्ष्म थर साचत राहतो आणि तो थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. साठवण अशी घटते. त्याच वेळी सेलचा अंतर्गत विरोधही वाढतो; धरणाचा दरवाजा गंजून अर्धाच उघडावा, तसा. शांतपणे संदेश वाचताना त्याची जाणीव होत नाही. कॅमेरा, फ्लॅश आणि शिवारातील क्षीण नेटवर्क शोधण्याची धडपड यांनी एकाच क्षणी मोठा प्रवाह मागितला, की सेलचा दाब मर्यादेखाली घसरतो आणि फोन स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो. चार्जरची तार जोडताच आधार मिळतो, म्हणून वीस टक्के 'परत' दिसतात. ते गेलेलेच नव्हते. काढता येत नव्हते, इतकेच.

बहुतेक सेल तीनशे ते पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर येतात. अलीकडचे काही आठशे ते हजार फेऱ्यांचे बनतात. पन्नास टक्के दोनदा वापरले, तर एक फेरी धरायची. पण मराठवाड्यात फेऱ्यांपेक्षा मोठा शत्रू ऊन आहे. बॅटरीच्या अभ्यासकांत नेहमी उद्धृत होणाऱ्या एका कोष्टकानुसार पूर्ण भरलेला सेल ४० अंश सेल्सिअस तापमानात वर्षभर ठेवला, तर त्याची क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तोच ४० टक्के भरलेला असेल, तर सुमारे ८५ टक्के उरते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात रात्रंदिवस चार्जरला लटकलेला फोन म्हणजे नेमकी पहिली स्थिती. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात बसविलेल्या फोनची गतही निराळी नाही.

यावर जुनी पिढी एक रास्त प्रश्न विचारते : पूर्वी बॅटरी नखाने काढता येत होती, मग आता दुकानदाराचे पाय का धरायचे? नोकियाच्या काळात ते खरे होते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या, मात्सुशिताने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याची शक्यता असल्याचा इशारा दिला. त्या वेळी भारतभर लोकांनी आपापल्या फोनचे झाकण सरकवून बॅटरीवरील क्रमांक पडताळून पाहिला होता. दोष सापडला, तर बॅटरी बदलायची, फोन तोच. पुढे फोन सडपातळ झाले, पाण्यापासून बचावासाठी सांधे गोंदाने बंद झाले आणि बॅटरी आत चिकटवली गेली. सोय झाली हे नाकारता येत नाही. पण ज्या वस्तूचे आयुष्य सर्वांत कमी, तीच सर्वांत खोल पुरली गेली.

बॅटरीच्या थकव्याला फोनचे म्हातारपण समजण्याची चूक किती सर्वत्र होते, याचा मोठा पुरावा डिसेंबर २०१७ मध्ये मिळाला. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो, हे ॲपलने मान्य केले. ग्राहकांना तोवर वाटत होते, की फोनच मंदावला. कंपनीने क्षमा मागून अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. नवी बॅटरी बसताच तेच फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागले. ग्राहकांना याची कल्पना न दिल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. बहुतेक कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे मोठ्या शहरांत असतात. कळंबकराला त्यासाठी लातूर किंवा सोलापूरचा फेरा पडतो. फोन हमीच्या मुदतीत असेल किंवा महागडा असेल, तर तो फेरा करावाच. एरवी गावातील जाणता कारागीर हे काम चांगले करू शकतो, मात्र तो जाणता आहे का, हे ओळखता आले पाहिजे. चांगला कारागीर आधी विचारतो, की फोटो आणि नंबरांची प्रत काढली आहे का. फोन उघडण्यापूर्वी तो चार्ज पाव भागाखाली उतरू देतो, कारण भरलेल्या सेलला चुकून हत्यार लागले, तर भडका मोठा असतो. मागचे झाकण तो बेताच्या उष्णतेने सैल करतो आणि प्लास्टिकच्या पातळ पातीने उचलतो. इतर कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवतो. सेल चिकटलेला असेल, तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद विरघळू देतो. लोखंडी पेचकस खाली घालून सेल उचकटणारा कारागीर दिसला, तर फोन तेवढ्यावरच परत मागून घेण्यात संकोच नको. फोन गिऱ्हाइकासमोर उघडला जावा, हीदेखील अवाजवी मागणी नव्हे. एकदा उघडलेल्या फोनची पाण्यापासूनची मूळ सुरक्षितता मात्र पूर्वीसारखी राहत नाही; नवा गोंद लावला, तरी तो फोन पावसात बाहेर काढू नये.

सेल निवडताना खरी फसगत होते. दुकानात 'ओरिजिनल' हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. मूळ बॅटरी ४००० एमएएचची असताना त्याच आकारात ६००० एमएएच लिहिलेला सेल कोणी दाखविला, तर तो खोटा समजावा. तेवढ्याच जागेत दीडपट साठवण कोणतेही छापील लेबल निर्माण करू शकत नाही. वजनाने जुन्यापेक्षा स्पष्ट हलका लागणारा सेलही संशयास्पद. भारतात अशा सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून तिचे मानक आयएस १६०४६ आहे. त्या चिन्हाखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो पाहावा. बनावट छपाई होते, हे खरे. परंतु ज्यावर चिन्हच नाही, त्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. उत्पादनाची तारीखही महत्त्वाची. गोदामात तीन वर्षे पडून राहिलेला 'नवा' सेल नवा नसतो, कारण न वापरताही तो झिजत असतो. आणि पावती घ्यावी, तिच्यावर सेलचा तपशील आणि हमीचे महिने लिहून घ्यावेत. मोंढ्यात तोंडी व्यवहार लाखोंचे होतात, तिथे एवढ्याशा कामाची पावती मागणे अनेकांना ओशाळवाणे वाटते. पण येथे ओळख व्यापाऱ्याची असते, सेलची नसते.

एक गोष्ट मात्र थांबून पाहण्याजोगी नाही. फोनचे मागचे झाकण उचलले गेले असेल, पडद्याच्या कडेतून फट दिसत असेल किंवा फोन टेबलावर ठेवला असता डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साचल्याची ती खूण. घरातील वडीलधारी मंडळी 'कव्हर घट्ट लावले की बसते' म्हणून असा फोन महिनोन् महिने उशाखाली घेऊन झोपतात. तसे करू नये. चार्जिंग ताबडतोब थांबवावे, फोन बंद करावा, तो दाबू नये, टोचू नये, आणि दुरुस्तीला नेईपर्यंत कपडे-कागदांपासून दूर, फरशीवर ठेवावा. सेलमधील दोषाने काय होऊ शकते, हे २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ ने जगाला दाखविले. पेट घेण्याच्या घटनांनंतर कंपनीला तो फोन बाजारातूनच काढून घ्यावा लागला.

प्रत्येक जुन्या फोनला नवी बॅटरी बसवावी, असेही नाही. ज्याला सुरक्षेची अद्ययावत सॉफ्टवेअर मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार चालू ठेवणे शहाणपणाचे नाही, मग सेल कितीही ताजा असो. असा फोन बोलण्यापुरता किंवा मुलांच्या अभ्यासाच्या चित्रफितींपुरता ठेवायचा असेल, तर गोष्ट वेगळी. आणि बॅटरीवर दोष टाकण्यापूर्वी चार्जर आणि तार बदलून एकदा पाहावे. खिशातील सुताने बुजलेले चार्जिंगचे छिद्र साफ केल्यावर 'खराब' बॅटरी बरी झाल्याची उदाहरणे प्रत्येक कारागिराकडे असतात.

ग्राहकाच्या बाजूने कायदा हळूहळू सरकतो आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहकदिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल किती सहज दुरुस्त होतो याचे गुणांकन कसे करावे, याविषयीच्या समितीचा अहवाल २०२५ मध्ये आला. युरोपीय संघ याबाबत अधिक कडक आहे : १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. जगभर विकले जाणारे फोन एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे त्या नियमाचा लाभ कधीतरी कळंबच्या बाजारपेठेतही पोहोचेल.

राहिला काढून टाकलेला सेल. तो कारागिराच्या टेबलाखालच्या डब्यात पडतो आणि तेथून बहुधा कचऱ्याच्या गाडीत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तो इतर कचऱ्यात मिसळू न देणे ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि तो गोळा करून त्याचे पुनर्चक्रण करविणे ही उत्पादकाची. म्हणून फोन परत घेताना जुन्या सेलचे काय होणार, हे विचारावे. दुकानात सोय नसेल, तर त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो मागून घ्यावा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या, थंड जागी ठेवावा आणि लातूर-सोलापूरकडे पुढचे कोणतेही काम निघेल, तेव्हा सेवा केंद्रात देऊन यावा. फुगलेला सेल मात्र घरी आणू नये. तो कारागिराकडेच वाळूच्या डब्यात राहिलेला बरा.