बर्नआउट झालायस, की नुसता दमलायस?

पहिलं लेक्चर संपतं न संपतं तोच कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘यार, बर्नआउट झालोय!’ १९७४मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी हा शब्द वापरला, तो कामापायी पार पिचून गेलेल्यांसाठी. आपण मात्र तो घासून गुळगुळीत केलाय.

रायगड चढून आलो की आपण दमतो. पोलादपूरहून एसटीत उभ्यानं आलो की अंग आंबतं. जुलै २०२१च्या महापुरानंतर घरातला चिखल उपसताना महाडकर मेटाकुटीला आले होते. प्रत्येक थकव्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. तो वापरूया की! म्हणजे उद्या एखादी मैत्रीण खरंच ‘बर्नआउट झालेय’ म्हणाली, तर आपण ते हसण्यावारी नेणार नाही. तिच्याजवळ बसू, ऐकून घेऊ.